घाटात खडखडणारी गाडी आणि 55 हजारांचं इंजिन काम

प्रश्न

चिपळूणमध्ये राहणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. त्यांच्याकडे 2013 सालची, 1.2 लिटर पेट्रोल इंजिनाची छोटी गाडी आहे. 96 हजार किलोमीटर झालेत. तीन वर्षांपूर्वी तिला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं. रोजचं शाळेत जाणं-येणं सीएनजीवर होतं, पेट्रोल फक्त घाट चढण्यापुरतं. यजमान जहाजावर नोकरीला, त्यामुळे वर्षातले बरेच महिने घरी नसतात. आई पाटणला एकट्या राहतात आणि त्यांना हृदयाचं दुखणं आहे, म्हणून महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट चढावाच लागतो. यंदा पावसाळ्यानंतर घाटात ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटमधून ‘पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तसा’ आवाज येऊ लागला. पाय सैल सोडला की तो थांबतो. पेट्रोल वाचावं म्हणून त्या शक्यतो वरचाच गिअर ठेवतात. घरच्यासारख्या असलेल्या गॅरेजवाल्या मामांनी बॉनेट उघडून गाडी रेस करून पाहिली. तेव्हा आवाज आला नाही, पण वर्णन ऐकून ते म्हणाले, ‘बेअरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल’, आणि खर्च सांगितला 55 हजार. दिरांचं म्हणणं असं की हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळे झालंय, या गाडीवर आता पैसा घालू नका, येईल त्या भावाला काढून टाका. बाई विचारतात, इंजिन काम करून घेऊ की गाडी विकू? आणि तोवर आईकडे जाऊ की नको?

उत्तर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो थांबणारा नाही.

घाटाला निघायच्या आधी तीन गोष्टी बघा. चावी फिरवल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहा, ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळीही खुणेपर्यंत हवी. हे तिन्ही ठीक असेल आणि आवाज तुम्ही लिहिलाय तसाच असेल, तर आईकडे जायला हरकत नाही. फक्त चढावर एक गिअर खाली ठेवा आणि पाय हलका ठेवा. आवाज आला की पाय थोडा उचलायचा, तसाच दाबत राहायचं नाही. पण आवाज जड झाला, ठक-ठक असा खोलातून यायला लागला, सपाटीवर किंवा उभ्या गाडीतही ऐकू आला, किंवा चालत्या गाडीत ऑइलचा दिवा लागला, तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि गाडी उचलून आणा. तेव्हा ‘पाच किलोमीटर तर राहिलेत’ असा विचार करू नका.

आता मोठा प्रश्न. इंजिन काम की विक्री, असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवलेत. हे दोन्ही रस्ते ‘बेअरिंग गेलंय’ या एका वाक्यावर उभे आहेत आणि ते वाक्य अजून कोणी तपासलेलं नाही. उलट तुमच्याच पत्रात अशा गोष्टी आहेत की त्या वाचून मला बेअरिंगची शंका कमी वाटते. मी गाडी ऐकलेली नाही, त्यामुळे खात्रीने सांगणार नाही. पण 55 हजार खर्च करण्याआधी या गोष्टींचा विचार झालाच पाहिजे.

पहिली गोष्ट, गॅरेजमध्ये गाडी रेस केल्यावर आवाज आला नाही. न्यूट्रलमध्ये रेस करताना इंजिनावर लोडच नसतो. ॲक्सिलरेटर जरासा दाबला की इंजिन भरभर फिरतं, पण इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल थोडंच जातं आणि दाबही कमीच तयार होतो. घाटात हेच उलटं असतं. फेरे कमी, पाय खोल दाबलेला आणि सिलिंडरमध्ये दाब भरपूर. काही आवाज फक्त अशा लोडवरच येतात, ते गॅरेजच्या आवारात कितीही रेस केली तरी यायचे नाहीत. बेअरिंगचं तसं नाही. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा दांडा) आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला त्याच्याशी जोडणारा दांडा) यांच्यामधलं बेअरिंग झिजून जागा वाढली की रॉड प्रत्येक फेऱ्याला आपटतो. गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे मिनिटाला अडीच हजारांपर्यंत नेले आणि पाय पटकन सोडला, तर तो ठोका बहुतेक वेळा तिथेच ऐकू येतो. इंजिन तापून ऑइल पातळ झालं की वाढतो. आणि तो जड असतो, खालून येतो. तुमचा आवाज पाय सोडला की थांबतो, उभ्या गाडीत येत नाही आणि चिंचोक्यांसारखा बारीक, कडकडीत आहे.

असा आवाज बहुतेक वेळा ज्वलनाचा असतो, त्यालाच मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. प्लगने ठिणगी टाकली की सिलिंडरमधलं मिश्रण प्लगपासून सुरू होऊन कडेपर्यंत क्रमाने जळत जायला हवं. काही कारणाने कडेचं मिश्रण फार तापलं किंवा फार दाबलं गेलं, तर ज्योत तिथे पोचायच्या आधीच ते आपोआप पेट घेतं. त्या झटक्याने दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात, सेकंदाला सहा-सात हजार वेळा, म्हणून तो आवाज धातूसारखा किणकिणता येतो. अधूनमधून जरासा आला तर लगेच काही बिघडत नाही. पण रोज, जोरात आणि लांबपर्यंत येऊ दिला तर पिस्टनचा माथा आणि रिंगांच्या खाचा खराब होतात, हेड गास्केटही (सिलिंडर आणि त्यांच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) जाऊ शकतं. म्हणजे दुर्लक्ष करायचं नाहीच, पण त्यासाठी इंजिन खोलायचीही गरज नाही.

तुमच्या गाडीत एक तपासणी फुकटात होण्यासारखी आहे. गाडी दोन इंधनांवर चालते. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा 91 ते 95, तर सीएनजीचा सव्वाशेच्या आसपास. ऑक्टेन म्हणजे इंधन आपोआप पेटायला किती विरोध करतं त्याचं माप. घाटाच्या पायथ्याचं पोफळी सोडल्यावर चढाचा एखादा सरळ तुकडा निवडा, वळणाचा नको. इंजिन चांगलं तापलेलं असू द्या. ज्या गिअरमध्ये आणि ज्या वेगाला आवाज येतो तो धरून आधी पेट्रोलवर चढा, मग परतून त्याच जागी, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने सीएनजीवर. शेजारी कोणालातरी बसवा, तुम्ही फक्त गाडी चालवा, ऐकायचं काम त्यांचं. शक्य असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा.

सीएनजीवर आवाज गायब झाला, तर बेअरिंग बरंचसं निर्दोष सुटलं, कारण झिजलेल्या बेअरिंगला इंधन कोणतं आहे याने फारसा फरक पडत नाही. बेअरिंगचाच आवाज असेल तर सीएनजीवर ताकद थोडी कमी पडते म्हणून तो किंचित कमी होईल, पण पूर्ण थांबणार नाही. दोन्हीवर सारखाच आला तर मात्र ज्वलनाचा संशय बाजूला ठेवून इतर गोष्टी बघाव्या लागतील, त्या पुढे सांगतो.

माझा अंदाज, आवाज फक्त पेट्रोलवर येत असणार. याचं कारण तुमच्या पत्रातलं ते साधं वाक्य: पेट्रोल फक्त घाट चढण्यापुरतं. सीएनजी किट बसवलेल्या कितीतरी घरांत हीच पद्धत आहे आणि त्यात सगळ्यांना बचतच दिसते. पण बघा काय होतं ते. टाकीत पाच-सात लिटर पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं. त्यातला हलका भाग उडून जातो, उरतं ते शिळं होत जातं. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर दिवसच्या दिवस बंद, त्यांच्या बारीक भोकांवर चिकट थर बसतो. गाडीतला पेट्रोलचा पंप टाकीतल्या पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. टाकी सतत रिझर्व्हवर ठेवली तर तो तापत राहतो आणि हळूहळू त्याची ताकद कमी होते. सपाटीवर हे जाणवत नाही, कारण तिथे इंजिनाला पेट्रोल थोडंच लागतं, आणि तुम्ही तर तिथे सीएनजीवर असता. घाटात इंजिन एकदम भरपूर पेट्रोल मागतं आणि अर्धवट तुंबलेले इंजेक्टर, थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर ते पुरवू शकत नाही. हवा पूर्ण, पेट्रोल कमी. असं मिश्रण जास्त गरम जळतं आणि नॉकिंग सुरू होतं. म्हणजे वर्षभर ज्या बाजूला हात लावला नाही, तिच्याकडून नेमक्या सगळ्यात अवघड रस्त्यावर पूर्ण काम मागितलं जातं.

म्हणून पहिलं काम पेट्रोलच्या बाजूचं करा. सपाट रस्त्यावर पेट्रोलवर गाडी चालवून टाकीतलं जुनं पेट्रोल संपवत आणा आणि जास्त खपाच्या पेट्रोल पंपावरून अर्धी टाकी ताजं भरा. भेसळीची शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागून नोझलचा एक थेंब टाकायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे आणि पंपवाल्याला नाही म्हणता येत नाही. चांगलं पेट्रोल एक-दोन मिनिटांत उडून जातं, डाग राहिला तर संशय घ्यायचा. रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलच्या मानाने फारच कमी, त्यामुळे तशी थोडी भेसळही घाटात लगेच ऐकू येते. नंतर पंधरा-वीस दिवस रोज सुरुवातीचे पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि टाकी पाव हिश्श्याच्या खाली जाऊ देऊ नका. कितीतरी गाड्यांचा आवाज एवढ्यानेच निम्म्यावर येतो. राहिला तर इंजेक्टर काढून मशीनवर साफ करून घ्या, फिल्टर वेगळा बदलता येण्यासारखा असेल तर बदला आणि पंपाचा दाब गेज लावून मोजून घ्या. मोजल्याशिवाय पंप बदलू नका.

याबरोबर स्कॅनर लावून घ्या. 2013 च्या गाडीला स्टिअरिंगखाली त्याचं सॉकेट असतं. साध्या स्कॅनरलाही दोन गोष्टी दिसतात, बिघाडाचे कोड आणि चालू आकडे. कोड पी0171 म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, पी0325 म्हणजे नॉकिंग ओळखणाऱ्या नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. कोड नसला तरी ‘फ्युएल ट्रिम’चा आकडा, म्हणजे गाडीचा कंप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो, पेट्रोलवर, चालत्या गाडीत बघायला सांगा. तो दोन्ही बाजूंना पाच टक्क्यांच्या आत हवा. चढावर अधिक दहा-पंधराच्या वर जात असेल, तर कंप्युटर पेट्रोल वाढवून-वाढवून थकलाय असं समजा. तोच आकडा सीएनजीवरही बघा. किटची ट्यूनिंग चुकीची असेल तर तिथून पेट्रोलचा हिशोबही बिघडतो.

किटविषयी आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोडे लोक तपासतात. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून काही फिटर किटसोबत एक छोटी डबी बसवतात, टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर नावाची. ती सीएनजीवर ठिणगी काही अंश आधी टाकते. पेट्रोलवर गेलं की तिने गप्प बसायला हवं. वायरिंग चुकलं असेल किंवा डबी बिघडली असेल तर पेट्रोलवरही ठिणगी लवकर पडते, आणि ठिणगी फार लवकर पडणं हे नॉकिंगचं अगदी सरळ कारण आहे. तुमच्या किटमध्ये ती आहे का हे किट बसवणाऱ्याला फोन करून विचारा. असेल तर तिला तात्पुरतं बाजूला काढून, मूळ वायरिंग जोडून घाट चढून बघता येतं.

आता प्लग. ते काढायला फार वेळ लागत नाही आणि ते इंजिनाच्या आतली हकिगत सांगतात. काढताना तुम्ही स्वतः उभ्या राहा आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा ते क्रमाने ठेवायला सांगा. टोकाभोवतीचं चिनीमातीचं इन्सुलेटर फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरंफटक, भाजल्यासारखं असेल तर सिलिंडर फार गरम चाललाय. त्यावर मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक चमकते ठिपके दिसले तर ते ॲल्युमिनियमचे असू शकतात, म्हणजे पिस्टनपर्यंत मार गेलाय, मग थांबून पुढची तपासणी करायची. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर ती तर फार कामाची खूण, कारण बिघाड बहुधा त्याच सिलिंडरच्या इंजेक्टरात किंवा ठिणगीला वीज देणाऱ्या कॉइलमध्ये असणार. नवे घेताना गाडीच्या पुस्तकात दिलेला नंबरच घ्या. ‘सीएनजीला चालणारे’ म्हणून भलताच नंबर बसवला आणि तो जास्त गरम राहणाऱ्या जातीचा निघाला, तर पेट्रोलवर त्यानेच नॉकिंग होतं.

एक प्रश्न तुम्हाला विचारतो, पत्रात त्याचा उल्लेख नाही. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात तुमची गाडी पाण्यात होती का? बहुतेक आधुनिक इंजिनांच्या ब्लॉकवर एक नॉक सेन्सर बसवलेला असतो. तो नॉकिंगची थरथर ओळखतो आणि कंप्युटर लगेच ठिणगी थोडी उशिरा टाकतो, म्हणून एरवी आपल्याला हा आवाज ऐकूच येत नाही. पुरात बुडालेल्या गाड्यांच्या जोडण्यांवर हिरवट गंज चढतो आणि तो वर्षांनी त्रास देतो. गाडी बुडाली असेल तर हा सेन्सर, त्याची जोडणी आणि टाकीच्या तळात पाणी आहे का हे यादीत सगळ्यात वर घ्या.

राहिलं तापमान आणि कार्बन, म्हणजे सिलिंडरमध्ये साचणारा जळका थर. रेडिएटरमध्ये बोअरचं किंवा विहिरीचं पाणी घालायची सवय असेल तर आत क्षाराचा थर बसतो आणि घाटात इंजिन नेमकं तापतं. कूलंट बदलून घ्या, पंखा वेळेवर लागतो का बघा. कार्बनसाठी हेड खोलायची घाई नको. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पिस्टनचा माथा दिसतो, थर जाड असेल तरच पुढचं बोलायचं. सर्व्हिसच्या वेळी ‘इंजिन डिकार्बन करून टाकू’ म्हणून जे पैसे घेतले जातात, ते हा थर न बघता देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

दिरांना इथेनॉलविषयी काय सांगायचं? त्यांची तक्रार सगळीच खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं. 2013 च्या गाड्या 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणासाठी (ई20) बनवलेल्या नव्हत्या, त्यांच्या रबरी नळ्या आणि सीलांकडे लक्ष ठेवायला हवं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून महिनोन् महिने टाकीत पडून राहिलेलं मिश्रण आणखी वाईट. पण नॉकिंगचा दोष इथेनॉलवर टाकता येत नाही. त्याचा स्वतःचा ऑक्टेन 108 च्या आसपास आहे, म्हणून तर ई20 पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वीच्या 91 वरून 95 वर गेला. 2000 सालापर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये शिसं घालायचे ते याच आवाजाला रोखण्यासाठी, आणि इथेनॉल त्या बाबतीत तेच काम विषाशिवाय करतं. उलट बाजू एवढीच की त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या गाडीत मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. निरोगी इंजेक्टर आणि पंप असले तर कंप्युटर ते सांभाळून घेतो. तुंबलेले असले तर नाही सांभाळू शकत. म्हणजे फिरून आपण त्याच जागी येतो.

आता तुमच्या गिअरच्या सवयीबद्दल, आणि हे दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण वरच्या गिअरमध्ये पेट्रोल कमी लागतं हे आपल्याला शिकवणाऱ्यांनीच सांगितलेलं असतं. सपाटीवर ते खरं आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये ताशी 35-40 ने गाडी ओढली, तर फेरे पंधराशेच्या आसपास राहतात आणि पाय जवळजवळ तळाला जातो. प्रत्येक वेळी सिलिंडर पूर्ण भरतो आणि ज्वलनाला वेळही जास्त मिळतो, म्हणजे कडेच्या मिश्रणाला आपोआप पेटायला पुरेपूर संधी. शिवाय पाय तळाला गेला की कंप्युटर मुद्दाम जादा पेट्रोल सोडतो, त्यामुळे बचतही होत नाही. तुमच्या इंजिनाला कुंभार्लीसारख्या चढावर दुसरा किंवा तिसरा गिअर आणि अडीच ते साडेतीन हजार फेरे मानवतात. इंजिनाचा आवाज मोठा वाटेल, पण त्याला त्रास होत नसतो. पुढच्या खेपेला एवढं करून बघा, तेवढ्यानेच आवाज गेला तर तीसुद्धा एक तपासणीच झाली.

ज्यांच्या गाडीचा आवाज ताईंच्या गाडीसारखा नाही, त्या वाचकांसाठी थोडक्यात. ॲक्सिलरेटर दाबून वळताना पुढच्या चाकातून कट-कट येत असेल तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट बघा, त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. क्लच सोडताना किंवा गिअर बदलताना एकदाच धाड होत असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर. ठरावीक फेऱ्यांवर पत्रा थरथरल्यासारखा आवाज आणि तोही उभ्या गाडीत, तर सायलेन्सरवरचा उष्णतेचा पत्रा सैल झालेला असतो, क्लिप लावून काम होतं. खड्ड्यात आणि ॲक्सिलरेटर दाबताना दोन्ही वेळा आवाज असेल तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश. थंड इंजिनाला टक-टक आणि तापल्यावर बंद, तर पिस्टन थोडा सैल असू शकतो, त्याच्यावर पुष्कळ गाड्या वर्षानुवर्षं चालतात. डिझेल गाडीचं गणित वेगळं, तिथे आधी इंजेक्टर तपासायचे.

एवढं सगळं करूनही आवाज दोन्ही इंधनांवर राहिला, तर मामांचं म्हणणं तपासायची वेळ आली. तेही न खोलता तपासता येतं. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे त्यांत किती दाब तयार होतो ते, मोजायचं. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर तिथे खरंच काम आहे. ऑइलच्या स्विचच्या जागी गेज लावून गरम इंजिनाचा ऑइल प्रेशर मोजायचा. ऑइल बदलताना जुना फिल्टर कापून त्यातला कागद उघडून बघायचा, त्यात चमकता चुरा निघाला तर बेअरिंग झिजतंय. यातलं काही सिद्ध झालं तर इंजिन कामाचा खर्च खोटा नाही, आणि मग तो गाडीच्या आजच्या बाजारभावाशी ताडून बघावा. गाडीचा पत्रा, गिअरबॉक्स, सस्पेन्शन चांगलं असेल आणि आणखी चार-पाच वर्षं वापरायची असेल तर मी काम करून घेण्याच्या बाजूने आहे. गंज लागला असेल, पुरात बुडाली असेल, तर विकण्याच्या.

मात्र आत्ता, निदान न करता विकू नका. इंजिनात आवाज आहे म्हटलं की घेणारा पूर्ण इंजिन कामाचे पैसे भावातून कापतो, मग खरा बिघाड हजार-दोन हजारांचा का असेना. आणि यजमान दूर असताना, आईंची तब्येत अशी असताना तुम्ही गाडीशिवाय काही महिने काढाल, त्याची किंमत दिरांच्या हिशोबात आलेली दिसत नाही.

मामांशी कसं बोलायचं हा प्रश्न तुम्ही उघड विचारला नाही, पण पत्रात तो जाणवतो. विचारलं तर त्यांना अविश्वास वाटेल अशी तुम्हाला धास्ती आहे. मला वाटतं, ते फसवत आहेत असं समजायचं कारणच नाही. त्यांनी गाडी जिथे ऐकली तिथे आवाज येत नव्हता, मग त्यांनी वर्णनावरून आणि अनुभवावरून सांगितलं. त्यांना ऐकायची संधी द्या. म्हणा, ‘मामा, एका सकाळी माझ्यासोबत घाटात या, तुम्ही चालवा, मी बाजूला बसते.’ कागदावर चार ओळी लिहून न्या: आवाज कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला, इंजिन किती वेळ चालल्यावर, कोणत्या इंधनावर. चांगला मेकॅनिक अशा कागदाने खूश होतो, कारण त्याचा अर्धा दिवस वाचतो. मग कामाचा क्रम ठरवून घ्या: आधी ताजं पेट्रोल, मग प्लग, मग स्कॅनर, मग इंजेक्टर आणि पंपाचा दाब, मग कॉम्प्रेशन. प्रत्येक टप्प्यानंतर त्याच चढावर एक फेरी, आणि फरक पडला की तिथेच थांबायचं. एका वेळी दोन गोष्टी बदलू देऊ नका, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणारच नाही. बदललेले सुटे भाग परत मागून घ्या. मामांकडे स्कॅनर किंवा गेज नसेल तर तेवढी मोजणी दुसरीकडे पैसे देऊन करून घ्या, आणि आलेले आकडे घेऊन पुन्हा मामांकडेच जा.